खिद्रापूरहून यडूर: नंदीच्या कानात बोलायला

"घरात बसून दिवसभर मोबाइल बघत बसण्यापेक्षा कुठंतरी जाऊन येऊया," असं सूनबाई म्हणाली आणि चहा संपेपर्यंत आमची सहल ठरली. वार मंगळवार. शुक्रवारी प्रसादचं, म्हणजे माझ्या मुलाचं, विमान होतं.

प्रसाद बारा वर्षं आखातात आहे, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पात. बायको नेहा आणि नऊ वर्षांच्या रेवाला घेऊन तो रजेवर कसबा बावड्याला आला आणि इकडे यांची पाठ वळताच तिकडे क्षेपणास्त्रं उडायला लागली. विमानं एक दिवस चालू, दोन दिवस बंद. कंपनीचा निरोप मात्र सरळ होता: शुक्रवारी निघा, नाहीतर करार संपला. इथे एका साखर कारखान्यात काम मिळत होतं, पगार तिथल्याच्या पाव. जायचं की राहायचं? गेलं तर एकट्याने की तिघांनी? रोज जेवताना तो मला विचारायचा, "आप्पा, तुम्हाला काय वाटतं?" आणि मी ताटातली भाकरी मोडत रोज तेच म्हणायचो, "तुझं तू ठरव बाबा. माझं काही म्हणणं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो, हीच वेळ धरा. उसाचा हंगाम सुरू झाला की शिरोळच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर लागतात. मोठ्याने गाणी लावलेली, मागे दिव्याचा पत्ता नाही. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ असा रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंनी उसाला तुरे आले होते. चौथीच्या पुस्तकातल्या नदीच्या कविता आम्ही चालीवर म्हणायचो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हाच मुलूख असायचा. मी एक ओळ गुणगुणायला लागलो, तर पुढच्या सीटवरून प्रसाद म्हणाला, "आप्पा, जरा थांबा, कंपनीचा फोन आहे." कविता तिथेच राहिली.

शिरोळमध्ये चहा आणि गरम भजी घेतली. हॉटेलवाल्याने आमचं बोलणं ऐकलं असावं.

"पावणं, तिकडं आखातात असता व्हय? लढाई लागलीया म्हणं."

"लागलीय खरी," प्रसाद म्हणाला.

"आमचा भाचा हाय तिकडं. त्याला म्हटलं, ये की परत. तर मलाच म्हणतोय, मामा, महापुरात तुम्ही घर सोडलासा का? माळ्यावर बसून ऱ्हायलासा की चार दिवस! आता काय बोलणार त्याला?"

प्रसाद हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा. नेहा हसली नाही. "माळ्यावर लेकराला घेऊन बसला होतात का?" तिने विचारलं. हॉटेलवाल्याने मान हलवली. "न्हाय बा. बायकापोरं आधीच जयसिंगपूरला पोचवलीवती." नेहाने प्रसादकडे बघितलं, तेव्हा तो पैसे द्यायला उठला.

वाडीला दत्ताचं दर्शन घेतलं, कवठाची बर्फी घेतली (पाव किलोच घ्या, जास्त टिकत नाही), कुरुंदवाड मागे टाकलं आणि दहाच्या सुमारास खिद्रापूरला पोचलो. कोपेश्वराचं हे देऊळ मी विद्यार्थ्यांना घेऊन कितीदा पाहिलंय! पण स्वर्गमंडपात उभं राहून वर पाहिलं की अजूनही ऊर भरून येतो. दगडी खांबांचं रिंगण आणि वर छतच नाही, गोल कापलेलं आकाश. प्रसादनेही वर पाहिलं. पण तो विमानांची वाट शोधत असल्यासारखा पाहत होता.

रेवा मात्र देवळाला दोन फेऱ्या मारून आली. "आजोबा, इथे नंदीच नाही!"

खरंच नाही. लोक सांगतात, सती बापाच्या यज्ञाला निघाली ती नंदीवर बसून. महादेव मागे एकटा राहिला आणि कोपला, म्हणून कोपेश्वर. नंदी तेव्हापासून नदीपल्याड, कर्नाटकात, यडूरला.

"मग मी कुणाच्या कानात सांगू?"

महादेवाच्या देवळात गेलं की मनातलं नंदीच्या कानात सांगायचं, हे मीच तिला शिकवलेलं. तेव्हा यडूरला जाणं आलं. अंतर फार नाही, पण रस्ता वळसे घेत जातो आणि पाट्या कानडीत. विचारत विचारत जा.

या वाटेवर गाडीत भांडण झालं. प्रसाद म्हणाला, तिघांनी जाऊ, कंपनीच्या वसाहतीला धोका नाही. नेहा म्हणाली, "धोका नाही तर तळघरात गाद्या कशाला टाकल्यात?" नवराबायकोत सासऱ्याने कान लावू नये, म्हणून मी कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात ठेवलं. मग गाडी कशी शांत झाली! ऊस, आभाळ आणि दोघांचे हलणारे ओठ.

यडूरच्या वीरभद्राच्या देवळात गर्दी नव्हती. बेल-फुलं विकणाऱ्या बाईने रेवाला सगळं नीट शिकवलं. रेवाचं सांगून झालं आणि ती पायरीवर जाऊन बसली. प्रसाद, नेहा आणि फुलवाली जरा मागे उभे होते. मला काय वाटलं कोण जाणे, मीही वाकलो. नंदीच्या एका कानाला तोंड लावलं, दुसऱ्या कानावर हात धरला आणि अगदी हळू, कुजबुजत सांगितलं:

"देवा, ह्याला जाऊ देऊ नकोस. मला भीती वाटते. मी असेपर्यंत तरी इथं राहू दे. माझ्यामागं कुठं जायचं तिथं जाऊ दे."

मान वर केली तर सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. फुलवाली तोंडाला पदर लावून काहीतरी म्हणत होती. मी घाईने यंत्र कानात घातलं.

"अज्जा," ती म्हणत होती, "नंदीलाच काय, आतल्या वीरभद्रालाबी ऐकू गेलं की!"

ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, त्याने कुजबुजू नये. प्रसादचा चेहरा लाल झाला होता. तो तरातरा गाडीपाशी गेला. तिथे त्याची शुद्ध भाषा सुटली.

"आठ दिस विचारतोय तुमास्नी! मला न्हाय सांगितलं, आणि बैलाला सांगितलं व्हय?"

आता गप्प बसायला जागा उरली नव्हती. मी सांगितलं. पंचविशीत मला आफ्रिकेतल्या एका शाळेत शिक्षकाची नोकरी लागली होती. वडिलांनी हात धरला, "नको जाऊस" म्हणाले, आणि मी गेलो नाही. पुढे तीस वर्षं वर्गात नकाशा टांगताना त्या जागेवर बोट अडखळायचं. म्हणून ठरवलं होतं, आपण कुणाचा हात धरायचा नाही.

"आणि आता?" प्रसादने विचारलं. "मला सांगा."

"जाऊ नकोस," मी म्हणालो. त्याच्या तोंडाकडे बघून.

"बरं. ऐकलं." एवढंच बोलून त्याने गाडी सुरू केली. वाटेत एका खानावळीत झुणका-भाकरी आणि दही खाल्लं, शंभरेक रुपयांत पोटभर. चव मला आठवत नाही.

शुक्रवारी तो गेला. एकटाच. "लढाई आहे म्हणून लोकांची तहान थांबत नाही आप्पा. पाणी सोडायला कुणीतरी पाहिजे. कराराचे महिने पुरे करतो आणि येतो," म्हणाला. जाण्याआधी रेवाचं नाव बावड्यातल्या शाळेत घातलं. दारात वाकून नमस्कार करताना म्हणाला, "बारा वर्षांपूर्वी गेलो तेव्हा तुम्ही हसत हात हलवलात. मला वाटलेलं, म्हाताऱ्याला काहीच वाटत नाही. या वेळी कुणीतरी नको म्हणालंय. परत यायला सोपं जाईल."

खिद्रापूर आणि यडूर एका दिवसात आरामात होतं. जरूर जा. माझ्यापाशी त्या दिवसातलं काय उरलं ते सांगतो. प्रसादचा रोज फोन येतो. पूर्वी मी हवापाणी विचारायचो, जेवलास का विचारायचो. आता पहिला प्रश्न एकच.

"कधी येतोस?"

"मार्चमध्ये, आप्पा."

"उशीर होतोय," मी म्हणतो.