शेवटून कापलेली साक्ष

आमच्या इंग्रजी दैनिकात बातमी शेवटून कापत. जागा कमी पडली की खालचा परिच्छेद जाई, मग त्याच्या वरचा. त्यामुळे महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत लिहायचं, हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवत. मला ते मुख्य उपसंपादकांनी शिकवलं. ते जुन्या शहरातले. लाल पेन्सिल माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले होते, "अम्मा, दुम काटो. सर को हात नक्को लगाओ." शेपूट कापा, डोक्याला हात लावू नका. वीस वर्षं मी तेच करत होते.

राज्याचे दोन भाग झाले त्या वर्षी हैदराबादेत सभागृहं मोकळी मिळत नसत. नव्या राज्यात कोणाचा हक्क काय, यावर दर रविवारी कुठे ना कुठे चर्चा असे. निजामाच्या काळात जंगलं राखीव कशी झाली, इंग्रजांचे वनकायदे इकडे कसे आले, आदिवासींचं काय गेलं, असे विषय. वक्ते बहुधा तेच असत. श्रोतेही.

विद्यानगरला आमच्या खालच्या मजल्यावर एक वकीलबाई राहत. तेलुगू भाषक, वनहक्काचे दावे लढणाऱ्या. एका शनिवारी त्या वर आल्या. उत्तरेच्या डोंगराळ जिल्ह्यातून, महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या एका गावातून, एक कोलाम आदिवासी बाई बोलायला येणार होती. घरात ती कोलामी बोले, बाहेर मराठी. तेलुगू फक्त बाजारापुरती.

"तुमची मराठी उपयोगी पडेल," वकीलबाई म्हणाल्या. "ती बोलेल, तुम्ही इंग्रजीत सांगा. हॉलमध्ये सगळ्यांना कळलं पाहिजे."

आमची मराठी परभणीकडची, तिची डोंगराकडची. पण अडचण येणार नव्हती. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नामपल्लीतल्या सभागृहाच्या व्हरांड्यात मी तिला पहिल्यांदा भेटले. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी. अंगावर धुतलेलं हिरवं लुगडं, पायात दुसऱ्या कोणाच्या तरी मापाच्या चपला. वकीलबाईंनी मला तिची केस सांगितली. डोंगराच्या उतारावर तिच्या कुटुंबाची जमीन होती. कागद नव्हता. कायद्यानं कागद नसला तरी चालत होतं, पण जुनी वहिवाट सिद्ध करायला पुरावा लागत होता. गावातली म्हातारी माणसं एकेक करून गेली होती. तिच्या भावकीतल्यांची साक्ष वनहक्क समितीनं हितसंबंधी म्हणून बाजूला ठेवली होती. वनखात्यानं शेताच्या मधून खंदक खणला होता. पलीकडच्या अर्ध्या शेतात सागाची रोपं लावली होती. दाव्याची शेवटची सुनावणी दीड महिन्यावर होती.

"बाहेरचा एक माणूस पाहिजे," वकीलबाई म्हणाल्या. "ज्याने ते शेत फार पूर्वी पाहिलंय असा. बस, एकच."

व्हरांड्यात चहा चालू होता. निवृत्त प्राध्यापकासारखे दिसणारे एक गृहस्थ बशीत बिस्कीट बुडवत कोलाम बाईकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, "अब काहे का डर, अम्मा? अब तो अपना राज आ गया."

बाईने मला विचारलं, "काय म्हन्ते?"

"आता आपलं राज्य आलं म्हणतात."

"बरं झालं," ती म्हणाली. "मंग खंदक बुजवा म्हना."

मी भाषांतर केलं. सगळे हसले. प्राध्यापकांनी तिच्यासाठी आणखी एक बिस्कीट मागवलं.

व्यासपीठावर पाच खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीवर प्रमुख पाहुणे बसले, एक वरिष्ठ सरकारी अधिकारी. उंच, पांढऱ्या भुवयांचे. तरुणपणी त्यांनी उत्तरेच्या जिल्ह्यांत काम केलं होतं, असं अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलं. अधिकाऱ्यांची दोन राज्यांत वाटणी चालू होती आणि त्यांचं नाव पलीकडच्या राज्याच्या यादीत आलं होतं. पुढच्या आठवड्यात ते जाणार होते. अध्यक्ष म्हणाले, "हा आपला निरोपाचाही कार्यक्रम समजा." टाळ्या झाल्या.

बाई बोलायला उभी राहिली. तिने आधी व्यासपीठाला हात जोडले, मग सभागृहाला. मी शेजारी वही घेऊन उभी होते.

तिने सुरुवात सासरच्या कुळापासून केली. आजा कुठल्या डोंगरावरून उतरला, कोणता देव बरोबर आणला, तो कुठल्या झाडाखाली बसवला. मग सासरा. मग शेत कसं काढलं, दगड कसे वेचले, ते कुठे रचले. निजामाच्या वेळी जंगलाचे शिपाई आले आणि झोपड्या जाळून गाव खाली हाकललं. गाव परत वर गेलं. पुन्हा जाळलं. नवऱ्याची एक आत्या त्या वेळी बाळंतीण होती. ती धुरात राहिली. हे ती रडत सांगत नव्हती. कोणता वाफा कुणाचा हे सांगावं तशा आवाजात सांगत होती.

दहा मिनिटं झाली. अध्यक्षांनी माझ्याकडे चिठ्ठी सरकवली. तिच्यावर लिहिलं होतं, दोन मिनिटांत आटपा.

बाई शेवटाकडे आली होती. ती आता सभागृहाकडे पाहत नव्हती, मधल्या खुर्चीकडे पाहत होती. माझ्या वहीत त्या ओळी अशा आहेत: "हे साहेब आमच्या गावाले आलते. मी नवी नवरी होती. साहेब बी पोरगेलेच होते. मोहाच्या झाडाखाली बसले, पानी पेले. माह्या सासऱ्यानं ज्वारी दाखवली. साहेबानं लिवून नेलं. आता साहेबानंच सांगावं, पाह्यलं का नाही पाह्यलं."

मी हे ऐकलं आणि लिहूनही घेतलं. दैनिकाकडे येणाऱ्या प्रत्येक निवेदनाच्या शेवटी असं काही असे: मायबाप सरकारने लक्ष घालावं, साहेबांनी आमच्या गावी यावं. डेस्कवर तो भाग न वाचताच जाई. मी समासात रेघ मारली. पाहुण्यांचा मान, म्हणजे जाण्याजोगं.

मग मी माइक घेतला. बाळंतीण आत्या आणि धूर पहिल्या वाक्यात घेतला. दुसऱ्यात खंदक. तिसऱ्यात देव आणि झाड. दोन मिनिटांच्या आत संपवलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने डोळे पुसले. भाषांतर चांगलं झालं होतं. आजही मला तसंच वाटतं.

प्रमुख पाहुणे उठले. वसाहतकाळाने जंगलाकडे लाकूड म्हणून पाहिलं, माणूस पाहिला नाही, असं ते इंग्रजीत म्हणाले. ते चांगलं बोलत. शेवटी म्हणाले, "अशा दाव्यांतली खरी शोकांतिका कोणती? सत्य आहे, पण साक्षीदार उरलेला नाही." सगळ्यात जोरात टाळ्या या वाक्याला पडल्या. बाई उभीच होती. कोणीतरी तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं.

मग सत्कार झाले. बाईला शाल आणि पितळी मूर्ती दिली, नाचणारं आदिवासी जोडपं. ती उलटी करून तिने बूड पाहिलं.

सभागृह रिकामं होत असताना मी नळापाशी हात धुत होते. बाई मागून आली.

"मंग? साहेब काय म्हनले?"

"छान बोलले. जंगलावर बोलले."

"ते नाही. माह्याबद्दल. हो म्हनले का नाही म्हनले?"

"कशाला?"

"मी विचारलं ना. पाह्यलं का नाही पाह्यलं. तुमी सांगितलं ना त्याईले?"

मी नळ बंद केला. "ते तुम्ही अगदी शेवटी बोललात."

"मंग कवा बोलू?" ती म्हणाली. "पंचापुढं आधी आपण कोन ते सांगा लागते. कुळ सांगा, जागा सांगा. मंग मागनं. आल्या आल्या मागनारा चोर असते."

तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. व्यासपीठावर पाहुणे पाणी प्यायले तेव्हा तिने त्यांना ओळखलं होतं. पेल्याला ओठ न लावता, मान मागे टाकून, वरून. मोहाखाली ते तसेच प्यायले होते. त्याआधी तिलाही ठाऊक नव्हतं, की कोण येणार आहे. वकीलबाईंना तर मराठी कळतच नव्हती. सभागृहात ते वाक्य पोचवू शकणारी मी एकटी होते.

मी फाटकाकडे धावले. गाडी वळत होती. मी काचेवर टकटक केली. काच खाली झाली.

मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी हात वर केला आणि मराठीत म्हणाले, "कळलं होतं मला. चार वर्षं होतो तिकडे. मराठीतच कारभार करायचो."

"म्हणजे तुम्हाला आठवतं?"

"ज्वारी चांगली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही." ते शांतपणे म्हणाले. "विचारायचं काम तुमचं होतं, बाई. तुम्ही ते गाळलंत. मी समजलो, मुद्दाम गाळलंत, माझी अडचण होऊ नये म्हणून. मनातून आभारही मानले."

"आता लिहून द्याल?"

"आता मी दुसऱ्या राज्याचा माणूस आहे. इथल्या समितीला मी काय लिहिणार?" काच वर जाताना ते म्हणाले, "पण थोडक्यात छान सांगितलंत."

मी परत आले तेव्हा बाई पायरीवर बसली होती. मूर्ती शालीत गुंडाळलेली. वकीलबाई आल्या, त्यांना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी लगेच विचारलं, "गाडीत ते जे बोलले, ते तुम्ही ऐकलंत ना? 'ज्वारी चांगली होती'? मग झालं. तुम्ही शपथपत्र द्या. अधिकाऱ्याने तुमच्यासमोर कबूल केलं म्हणून. वही जोडा. पुरेसं होईल की नाही माहीत नाही, पण काहीतरी होईल."

दोन दिवसांनी मी मुख्य उपसंपादकांना शपथपत्राचं विचारलं. ते निवृत्तीला आले होते. त्यांनी चष्मा काढला.

"अम्मा, अपन खबर लिखते. गवाही नईं देते. एक बार कचेरी की सीढ़ी चढ़े ना, फिर कोई अपने सामने मूँ नईं खोलता."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कोणत्याही डेस्कवर हेच सांगितलं असतं. चर्चेची बातमी छापून आली, पान पाचवर, एक कॉलम. मी बाईची मागणी पहिल्या परिच्छेदात घातली होती. अधिकाऱ्याची बाजू घेतल्याशिवाय ती छापता येणार नव्हती आणि ते फोन उचलत नव्हते. त्यामुळे पहिला परिच्छेद गेला. त्या दिवशी प्रथमच डोकं कापलं, शेपूट राहिलं.

सुनावणीच्या चार दिवस आधी वकीलबाई बाईला घेऊन माझ्या घरी आल्या. मी चहा केला. शपथपत्राचा मसुदा टाइप करून आणलेला होता. सही तेवढी राहिली होती.

मी वकीलबाईंशी इंग्रजीत बोलले. दैनिकाचा नियम सांगितला. वही ही माझी नव्हे, दैनिकाची मालमत्ता आहे असं म्हणाले. ऐकीव कबुली समिती मान्य करणार नाही, उलट दावा कच्चा दिसेल, असंही म्हणाले. वैयक्तिक सहानुभूती आहे, हे दोनदा सांगितलं. मराठीत मी हे बोलू शकले असते. समोर बसलेल्या बाईला ते थेट कळलं असतं. मी इंग्रजीतच बोलले.

बाईने वकीलबाईंना विचारलं, काय म्हणते ती.

वकीलबाईंनी मसुद्याची घडी घातली आणि बाजारच्या तेलुगूत तिला एकच शब्द सांगितला, "कुदरदंट." जमत नाही म्हणतात.

भाषांतर अचूक होतं.

बाईने चहा संपवला. कप उचलून स्वतः मोरीत नेऊन ठेवला. दारात चपला घालताना ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "साहेबानं लिवून नेलं. तुमी बी लिवून नेलं."

दावा फेटाळला गेला. निकालाची प्रत वकीलबाईंनी मला दाखवली. कारण एका ओळीत होतं: वहिवाटीचा स्वतंत्र साक्षीदार उपलब्ध नाही.