शटरचा भाव मंदाताई सांगतात

शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत धूळ आणि ग्रीस मिळून एक काळा थर बसतो. तो कोणी बसवत नाही, वापराने बसतो. किस्सेही असेच जमतात. बुलढाण्यात मंदाताईंचे शटर-दुरुस्तीचे दुकान आहे. तिथल्या बाकावर मी संध्याकाळचा चहा घेतो आणि ऐकलेले मनात ठेवतो. "ही काय लोकपरंपरा झाली?" असे लोककथा गोळा करणाऱ्या एका सहकाऱ्याने मला विचारले होते. झाली! बोललेला शब्द जिथे चार माणसांदेखत पाळावा लागतो, तिथे लोकपरंपरा असतेच.

या दुकानाची प्रथा एकच. आधी काम पाहायचे, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात भाव सांगायचा आणि मग त्यात कमी-जास्त करायचे नाही. घरी गाडी ठेवायच्या खोलीचे शटर असेल तर साफसफाई आणि ग्रीसला चारशे, स्प्रिंग बदलायला दोन हजार. मोटर जळाली असेल तर दहा-बारा हजारांची तयारी ठेवावी. गावातले इतर शटरवालेही एवढेच घेतात. फरक इतकाच, की ते पुरुष आहेत. मंदाताईंना मात्र दारोदारी ऐकावे लागते, "बाईमाणूस आहे, कमी करा." एका घरी कमी केले, की गल्लीभर बाईचा भाव वेगळा ठरणार. तो ठरू द्यायचा नाही, एवढ्यासाठी ताई उभ्या आहेत.

*

ताईंचे यजमान गौतमभाऊ कामावर सोबत असतात. एकदा ताई शिडीवर होत्या. घरमालकाने त्यांच्याकडे न पाहता भाऊंना विचारले, "बोला मिस्त्री, किती द्यायचे?"

"मले काऊन इचारता? मिस्त्री वर हाय. मी नुसती शिडी धरून राह्यलो!"

"अहो, पण घरात शेवटी चालतं कोणाचं?"

भाऊंनी शिडी सोडली नाही. "घरी बी असंच हाय, साहेब. मान वर करूनच बोला!"

*

एका निवृत्त अधिकाऱ्यांचा सिद्धांत असा, की कारागीर गाडी पाहून भाव सांगतो. म्हणून त्यांनी नवी कोरी कार शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन लावली आणि गाडीच्या खोलीत एक जुनी सायकल उभी केली! ताईंनी स्प्रिंग पाहिली आणि भाव सांगितला, "दोन हजार."

"एका सायकलीसाठी दोन हजार?"

"सायकल बाहेर काढून पाहा बरं, साहेब. शटर हलकं होते काय?"

शेजारी कंपाउंडवरून ऐकत होते. त्यांनी तिथूनच विचारले, "साहेब, तुमची कार कधी नेता?"

*

जानेफळच्या एका गुरुजींकडे ताईंनी स्प्रिंगचे दोन हजार सांगताच पुण्यातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "मावशी, नेटवर बाराशे दाखवतात!"

"मंग नेटवाल्यालेच बलवा ना, बावा. तो आला की मले बी दाखवा. म्या अजून पाह्यला नाही!"

गुरुजींनी फोन तसाच खिशात टाकला आणि ताईंना "करा सुरू" म्हटले. मुलगा खिशातून बराच वेळ बोलत होता.

*

वाद पुरुषांशीच होतो असे मात्र नाही. एका गृहिणीने हात धरून म्हटले, "आपण बायाबाया. मले तरी कमी कर वं."

"बायाबाया हाओत म्हून तं नाही करत! उद्या तुही पोरगी कामाले गेली, तं तिले पुरं नको भेटाले?"

दोन हजार मिळाले. वर चहाही मिळाला.

*

आणि ठेकेदाराच्या घरचे लग्न. फुलांनी सजवलेली गाडी आत, स्प्रिंग तुटलेली, आणि चौघांनी ओढूनही शटर हलेना. नवरदेव मुंडावळ्या बांधून गल्लीत उभा. ताईंनी भाव सांगितला, "दोन हजार."

"गड्याले देतो तेवढे तुले? हजार घे अन् चाल लाग कामाले."

ताई पायरीवर बसल्या. ठेकेदाराने दुसऱ्या दोन शटरवाल्यांना फोन लावले. दोघेही बाहेरगावी होते. बँडवाले थांबले. बायका घड्याळ पाहू लागल्या. मुलीकडच्यांचा फोन आला, तेव्हा ठेकेदार ओरडला, "पाच हजार घे! पण उघड!"

"दोन हजार."

"अवं, पाच देतो म्हन्तो ना!"

"दोन हजार."

"बरं, दोन! दोन!"

ताई शिडीवर चढल्या. काही वेळाने शटर वर गेले, बँड पुन्हा सुरू झाला आणि ठेकेदाराने पाचशेच्या दहा नोटा ताईंच्या हातात कोंबल्या. ताईंनी चार ठेवल्या, बाकीच्या परत केल्या.

"राहू द्या हो, ताई! आनंदाचा दिवस हाय, खुशीनं देतो."

ताई साऱ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खुशी तुमची हाय, साहेब. भाव माहा हाय!"