एक हात सुलटा, एक उलटा

ऐन स्पर्धेच्या सकाळी मी नातीच्या दोन्ही तळव्यांना करडईचं तेल चोळलं, हे आधीच कबूल करून टाकते. तेव्हा मी वयानं लहान होते, एकसष्ट वर्षांची. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. पोरीच्या हातांना घट्टे पडलेले, चिरा गेलेल्या, आणि त्याच हातांनी ती जमिनीवरून एकशेदहा किलो उचलणार होती. साखरेच्या दोन पोत्यांहून जास्त. मला दया आली. दयेच्या भरात मी आजवर काय काय करून ठेवलंय, ते माझ्या सुनेला विचारा.

नातीला, मंजिरीला, डेडलिफ्ट, म्हणजे वजनं लावलेला लोखंडी दांडा जमिनीवरून उचलणं, शिकवणाऱ्या माणसाला आम्ही पकडवाले चाचा म्हणायचो. माजलगावात त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जिम. नवीन कुणी शिकायला आलं की चाचा तोंडाकडे बघतच नसत. "पंजा दाव," म्हणायचे, आणि बाजारात भेंडी मोडून बघावी तसा अंगठा वाकवून बघायचे. नाव विसरत, अंगठा विसरत नसत. पहिल्या भेटीत माझ्या हातांकडे बघून म्हणाले की आक्का, तुमी बी उचललं असतं. मी फुशारले. आठवडाभर घरात पाण्याची एक घागर कुणाला उचलू दिली नाही. पुढचा आठवडाभर मलाच धरून उठवावं लागलं.

चाचांचं म्हणणं असं, की जड वजनापुढे पाठ नाही, आधी बोटं हरतात. म्हणून पकड कुठली घ्यायची यावर ते सोयरीक जमवल्यासारखा विचार करत. दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून धरलं तर सरावाला बरं, पण वजन वाढलं की दांडा बोटांतून फिरून सुटतो. अंगठा दांड्याला टेकवून वरून बोटांनी दाबला तर पकड पक्की. पण मंजिरीचा अंगठा आखूड, आमच्या घराण्याचा. पंधरा दिवसांत नख काळंनिळं. मी तावातावानं भांडायला गेले. म्हटलं, दांडा अडकवायला मनगटाला पट्टे बांधून द्या की.

"पट्टे स्पर्धेत चालत न्हाईत, आक्का," चाचा म्हणाले. "तिथं पोरीला तिचाच हात हाय."

शेवटी त्यांनी एक तळवा आत, एक बाहेर अशी पकड ठरवली. दांडा एका हातातून फिरायला लागला की दुसरा त्याला अडवतो. हे मला लगेच पटलं, कारण स्वेटर मी असाच विणते, एक टाका सुलटा, एक उलटा. उलट्या हाताचं कोपर वाकवायचं नाही, दंड दुखावेल, एवढं मात्र ते तिला रोज बजावत.

स्पर्धा बीडला होती. माझ्या मुलानं, म्हणजे मंजिरीच्या बापानं, अट घातली होती: राज्यासाठी निवड झाली तर ठीक, नाहीतर शेडकडे फिरकायचं नाही. उचलायच्या संधी तीन. पहिल्यांदा दांडा गुडघ्यापर्यंत आला आणि हातातून निसटला. दुसऱ्यांदाही तेच. घाम टिपायला हातांना खडूची पावडर लावलेली, तिचा पिठल्यासारखा लगदा झाला होता. तो मी पाहिला, आणि छताचा पंखा निरखत बसले.

चाचांचा चेहरा उतरला. माझंच चुकलं म्हणाले. पकड बदलू, अंगठा आत घे. महिनोन्‌महिने न धरलेली पकड, तीही शेवटच्या संधीला. मंजिरीनं मान डोलावली.

मग मात्र मला बसवेना. मुलगा, सून, चार अनोळखी माणसं, सगळ्यांदेखत मी उठले आणि सांगितलं, की पकड बरोबर आहे. बसमध्ये पोरगी माझ्या खांद्यावर झोपली होती तेव्हा मी तेल चोळलं, आणि कुणाला कळू नये म्हणून पदरानं पुसलं.

चाचा तडक उठले. ट्रॅक्टरच्या ग्रीसमध्ये चाळीस वर्षं हात काळे केलेला माणूस, तेल कसं काढायचं ते त्यांना ठाऊक. शेजारच्या चहावाल्याकडून भांडी घासायची पावडर आणली, माझ्या ओंजळीत ओतली आणि नळाकडे बोट दाखवलं. नातीचे हात मीच घासले, पेरापेरातून, नखांच्या कडेकडेनं. पुसायला मी पदर पुढे केला तेव्हा चाचांनी तो बाजूला सारून स्वतःचा रुमाल दिला.

तिसऱ्यांदा दांडा गुडघ्यापाशी अडला, थरथरला, आणि वर गेला. निवड झाली.  परतताना तिची बॅग माझ्या मुलानं आपल्या खांद्याला लावली.

चाचा मागच्या वर्षी गेले. मंजिरी आता पोलिसात आहे, ड्युटी सांभाळून अजून उचलते. मला त्यांची आठवण येते ती त्या संध्याकाळच्या बसस्टँडवरची. मी माफी मागायला गेले होते, बोलणी खायच्या तयारीनं. चाचांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आक्का, तेलाचं काय न्हाई, धुतलं की जातंय. पर तुमी गप बसल्या असत्या, तर पोरीला मी चुकीचं शिकवलं म्हणून मी मरस्तोवर सोताला कोसत बसलो असतो. आता चहा प्या. अन् जाताना बसमधी पोरीपासून चार शिटा लांब बसा."