विसाव्या मिनिटाची पाटी

मी कधीकाळी देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमध्ये खेळलोय, हे ऑफिसात कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मग सोडलं का?" त्यावर मी चहाचा घोट घेतो. दुसरा प्रश्न, "किती मॅचेस खेळलास?" याचं उत्तर मात्र मी खरं देतो. "एका सीझनच्या जवळजवळ सगळ्या. सुरुवातीच्या अकरात." समोरच्याचे डोळे मोठे होतात आणि तिथंच मी विषय बदलतो. कारण तिसरा प्रश्न आला, तर इज्जतीचा फालुदा व्हायला वेळ लागत नाही.

तर झालं असं होतं. त्या वर्षी लीगचा नियम होता की सुरुवातीच्या अकरांत बावीस वर्षांखालचा निदान एक खेळाडू हवाच. हेतू चांगला होता. पोरांना संधी मिळावी, देशाचं भलं व्हावं वगैरे. पण आपल्याकडे नियम जन्माला येतो तो पळवाटेला कडेवर घेऊनच. सुरुवातीला हवा एवढंच लिहिलेलं होतं. किती वेळ हवा ते लिहायचं राहून गेलं. मग काय! पोराला उतरवायचं, वीस मिनिटं पळवायचं, पाटी वर करायची, बाहेर बोलवायचं आणि खरा खेळाडू आत पाठवायचा. त्यात एक बदली वाया जायची, पण आमच्या कोचला ती परवडायची. मी परवडत नव्हतो.

आमच्या क्लबात असे आम्ही दोघे होतो. दुसऱ्याचा गुडघा सीझन सुरू व्हायच्या आधीच गेला. उरलो मी एकटा, डावा बचावपटू, सत्तावीस नंबर. बालेवाडीच्या स्टेडियमवर दर घरच्या मॅचला माझं नाव माईकवर घेतलं जायचं, दोन-चारशे लोक टाळ्या वाजवायचे आणि वीस मिनिटांनी चौथा पंच रेषेवर उभा राहून ती इलेक्ट्रॉनिक पाटी डोक्यावर धरायचा. लाल आकड्यांत सत्तावीस. कोच परदेशी होता, अतिशय सभ्य. दर वेळी हात मिळवायचा आणि म्हणायचा, "वेल डन, सन." त्याने एकदा जरी शिवी दिली असती ना, तरी मला बरं वाटलं असतं.

किट सांभाळणारे काका पेठेतले. त्यांना सभ्यपणाचा त्रास नव्हता. पंधरावं मिनिट झालं की ते माझा ट्रॅकसूट पिशवीतून काढून, झटकून, मांडीवर तयार ठेवायचे. मी बाहेर आलो की म्हणायचे, "या. दमलात? नाही, घाम दिसत नाही म्हणून विचारलं." एकदा मी चिडून म्हटलं, "काका, निदान पाटी वर होईपर्यंत तरी थांबत जा ना." तर शांतपणे म्हणाले, "अहो, आम्ही वेळेवर काम करतो. पगार त्याचाच आहे. आपल्यासारखाच."

गोव्यातल्या एका खालच्या डिव्हिजनच्या क्लबाने मला मागितलं होतं. तिथं पूर्ण मॅच खेळायला मिळाली असती. मी मॅनेजरकडे गेलो, जवळजवळ हात जोडले. तो म्हणाला, "तुला कसं सोडू? तुझ्याशिवाय टीम मैदानात उतरूच शकत नाही." शब्दन् शब्द खरा होता. करार दोन वर्षांचा होता आणि सही माझीच होती. सीझन संपला की उन्हाळ्यात मला बावीस पूर्ण होणार होती, म्हणजे त्यानंतर मी कुणाच्याच कामाचा नव्हतो. माझी सगळी किंमत माझ्या जन्मदाखल्यात होती आणि तो रोज जुना होत होता. विश्रांतवाडीच्या घरी रात्री गादीवर पडलो की मला अक्षरशः गुदमरायला व्हायचं. जाताही येईना, खेळताही येईना. ताई तेव्हा नुकतीच हिंजवडीला आयटीत लागली होती. ती म्हणायची, "पगार येतोय ना? आमच्याकडे लोक सहा-सहा महिने काम नसताना एसीत बसून असतात, कुणी रडत नाही." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

पण खरी बोच वेगळीच होती. बाबांनी त्या सीझनमध्ये मला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं.

बाबा नागपूरकडचे. तिशी यायच्या आत पुण्यात आले आणि भोसरीच्या एका कंपनीत मशीनवर लागले. मला पहिला फुटबॉल त्यांनीच आणला, आणि शाळेच्या मॅचेसना ते रेषेवरून असे ओरडायचे की पंच त्यांना हाकलायचा. आता भोसरीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि आमच्या मॅचेस शनिवार-रविवारी, साडेचारला. त्यांची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. अर्धी रजा मागावी, तर कंपनीत स्वेच्छानिवृत्तीच्या याद्या फिरत होत्या. निम्मी माणसं कंत्राटावर गेली होती. "रजा मागतली का साहेब नाव ध्यानात ठेवते," ते म्हणायचे. मग गेटवर कार्ड मारून स्कूटर काढायची, नाशिक फाटा, सांगवी, औंध, आणि प्रत्येक सिग्नलला देवाचं नाव. ते स्टेडियमच्या वरच्या दारातून आत यायचे तेव्हा तिसावं मिनिट उलटलेलं असायचं आणि मी ट्रॅकसूट घालून बाकावर असायचो. ते थेट बाकाकडे बघायचे, हात हलवायचे आणि माझ्या मागच्या पायऱ्यांवर बसायचे. घरी जाताना विचारायचे, "आज कसा खेळला?" मी म्हणायचो, "चांगला." दुसरं काय सांगणार, कपाळ!

सीझनच्या मध्यावर एक निवृत्त पंच आम्हाला नियम समजावून सांगायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "आणि बरं का, पाटी दाखवल्यावर खेळाडू बाहेर यायला नाही म्हणाला, तर पंच त्याला ओढून काढू शकत नाही. बदली होत नाही, खेळ पुढे सुरू." सगळे हसले. असा गाढव कोण असेल, म्हणाले. मी हसलो नाही. ते वाक्य मी घरी घेऊन गेलो आणि कुणाला सांगितलं नाही.

शेवटची घरची मॅच रविवारची. आम्ही टेबलाच्या मध्यावर अडकलेलो, ना वर जाणार, ना खाली. कशाचंच काही राहिलं नव्हतं. आता तरी खेळवतील, असं मला वाटत होतं. कसलं काय! विसाव्या मिनिटाला लाल सत्तावीस वर झाला.

पहिल्या हाफमध्ये माझी बाजू बाकापासून लांबची होती. तिथून समोरचा स्टँड आणि वरचं दार स्वच्छ दिसत होतं. दार रिकामं होतं. आणि माझ्या मनात एवढंच आलं: बाबा दारात दिसेपर्यंत. फक्त तेवढंच. त्यांनी मला गवतावर एकदा बघावं, मी लगेच बाहेर जातो, मग काय करायचंय ते करा. दहा मिनिटांचा तर प्रश्न. मी पाठ फिरवली आणि जागेवर उभा राहिलो.

कॅप्टन ओरडला, "अरे तुझा नंबर आहे!" मी म्हटलं, "माहितेय." तो म्हणाला, "मग?" मी म्हटलं, "नाही येत." पंच धावत आला, माझ्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि शिट्टी मारून खेळ सुरू केला. रेषेवर उभा असलेला आमचा सीनियर खेळाडू कमरेवर हात ठेवून बघत राहिला. काही मिनिटांत मधल्या फळीतल्या एकाचा पाय मुरगळला आणि या सीनियरला त्याच्या जागी आत घेतलं. कोच खाली बसला. त्याने माझ्याकडे पुन्हा पाहिलंच नाही.

तिसावं मिनिट गेलं. पस्तिसावं गेलं. मी चेंडू मारायचो आणि दाराकडे बघायचो. एक माणूस मुलाला खांद्यावर घेऊन आला, दोन कॉलेजच्या मुली आल्या, बाबा नाहीत. चाळिसाव्या मिनिटाला डोक्यात भलतंसलतं यायला लागलं. स्कूटर. वाकडकडून येणारे ट्रक. माझा फोन बॅगेत, बॅग कपडे बदलायच्या खोलीत. आता बाहेर जावं तर तमाशा करून काय मिळवलं, आणि थांबावं तर जीव थाऱ्यावर नाही. एवढी मोकळी जागा, पण मला हलता येत नव्हतं.

हाफटाइमला मी आत गेलोच नाही. लांबच्या रेषेजवळ गवतात बसून राहिलो. काका अख्खं मैदान वळसा घालून हळूहळू चालत आले, पाण्याची बाटली पुढे केली. "आत येऊ नका," म्हणाले. "आत आलात तर पुन्हा बाहेर सोडायचे नाहीत." मी विचारलं, "काका, बाबा दिसले का हो?" त्यांनी मान हलवली. मग जाताना म्हणाले, "ट्रॅकसूट घडी करून पिशवीत ठेवलाय. उगाच मांडी गरम होते."

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलली. आता मी बरोबर कोचच्या नाकासमोर. आणि एक गंमत सांगतो, तिच्यात हसण्यासारखं काही नाही. माझ्या शरीराला वीस मिनिटांची सवय झाली होती. साठाव्या मिनिटाला पायात गोळे आले, छाती फुटायला आली. विसाव्या मिनिटानंतरची मॅच कशी असते हेच मी विसरलो होतो. एकदा माझ्या बाजूने त्यांचा विंगर असा निघून गेला की गोलकीपरने मला आईवरून शिवी दिली. एकदा मी टाकलेल्या चेंडूवर आमचा गोल झाला, तेव्हाही मी दाराकडेच पाहिलं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी गुडघ्यांवर होतो. एक-एक. नव्वद मिनिटं. आणि बाबा आलेच नव्हते.

खोलीत कोचने हात मिळवला नाही. मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून यायची गरज नाही." मी बूटसुद्धा काढले नाहीत. बॅगेतून फोन काढला. बाबांचे सात मिस्ड कॉल. तसाच बाहेर धावलो.

खेळाडूंच्या लोखंडी गेटाबाहेर, फुटपाथच्या कडेला, बाबा बसले होते. कंपनीच्या खाकी शर्टात. हातात मेडिकलच्या दुकानातली पिशवी. मला पाहिल्याबरोबर उठले आणि थेट खाली वाकून माझे पाय चाचपायला लागले.

"कुठं लागलं तुले?"

"मला? कुठं नाही. तुम्ही कुठं होतात?"

"अबे, इथंच तर होतो! दारातून जरासं डोकावलो, तर बाकावर तू दिसला नाही. दारावरच्या वॉचमनले विचारलं, तो म्हणे सत्तावीसची पाटी कवाच दाखवली, गेला असन आत. मले वाटलं, बाकावर नाही म्हणजे जोरात लागलं. आत सोडत नव्हते. बालेवाडी फाट्यावर जाऊन बँडेज आणलं अन् इथं बसलो."

त्या पिशवीत खरंच एक क्रेप बँडेज आणि मलमाची ट्यूब होती. अख्ख्या सीझनमध्ये मी जिथं असायचो, तिथं त्यांनी पाहिलं. ते डोकावले तेव्हा मी नेमका चेंडूमागे असणार. मैदानात बघायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कसं येईल? मी त्यांच्यावर चिडू शकलो असतो. चिडलो नाही. मला रडू आलं, आणि ते भर गेटासमोर आलं.

"मग एवढा मळला कसा?" ते म्हणाले.

"खेळलो, बाबा. पूर्ण. नव्वद मिनिटं."

त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं, चिखलाकडे, मग त्या गेटाकडे, ज्याच्या आत ते तासभर बघत बसले होते. मग पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि म्हणाले, "बस."

तो क्लब पुढे बंद पडला. मला बावीस पूर्ण झाली, ताईने कुठल्याशा सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कोर्सचा फॉर्म आणून दिला आणि आता रोज कंपनीच्या बसमधून मी त्याच स्टेडियमवरून जातो. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही औंधवरून बोपोडीला आलो आणि सिग्नलच्या अलीकडेच अडकलो. पुढे बस, मागे टेम्पो, हलायचं नाव नाही. बाबांनी स्कूटर बंद केली. पेट्रोलच्या बाबतीत ते तसे कंजूषच.

"हं, सांग आता," मागे न बघता म्हणाले.

"पाटी वर झाली, तेव्हा मी..."

"पाटीपासून कायले? सुरुवातीपासून सांग ना बे. पहिले वीस मिनिटं तरी मी कधी पाहिले?"

मी त्यांच्या खाकी पाठीकडे बघत राहिलो. मागचा टेम्पोवाला उगाचच हॉर्न वाजवत होता.

"टॉस आपण हरलो, बाबा," मी म्हणालो.