सुमनच्या लेकीसाठी भिंतीत जाळी

"माझ्या रंजनाचं पहिलं बाळंतपण, आन् सासू माहेरी पाठवत नाय गो. भूकंपाच्या धक्क्यानं आमच्या भिंतीला तडा गेला ना!" टोकावड्याजवळच्या पाड्यावरून माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा, सुमनचा, फोन. माझा नवरा घरं भूकंपासाठी मजबूत करायची कामं घेतो. लगेच चार दिवसांच्या बॅगा भरल्या.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजचा रस्ता धरायचा. एसटीही जाते, पण आमच्या डिकीत लोखंडी जाळी आणि बोल्ट होते. वाटेत ढाब्यावर वडा-उसळ खाल्ली. तर्री मागून घ्या. पाड्याच्या रस्त्याचा शेवटचा तुकडा नुसती खडी आहे, गाडी जपून न्या.

पोचलो तर घर लग्नघरासारखं चकाचक. आम्ही येणार म्हणून सुमनने तडा सिमेंटने बुजवून वर गुलाबी रंग फासला होता! नवऱ्याने कपाळाला हात लावला. "वहिनी, डॉक्टर येणार म्हणून कुणी दुखणं लपवतं का?"

"मंग काय फुटकी भिंत दावू पाव्हण्यांना?"

मी हसून बेजार.

रंग खरवडला. गावातल्या गवंड्याला घेऊन भिंतीच्या कोपऱ्यांना आतून-बाहेरून जाळी लावली, दोन्ही जाळ्या आरपार सळ्यांनी बांधल्या आणि वर गिलावा केला. ओटीचे लाकडी खांब नुसते दगडांवर टेकलेले होते. लोखंडी पट्ट्या आणि बोल्टने ते जोत्याला पक्के केले. तुम्हाला असं काम करायचं असेल तर आधी जाणकाराला घर दाखवा. जेवायला रोज भाकरी आणि सुकटीची चटणी, नुसती चैन. सुमनला मात्र एकच घोर, रंजनाची सासू घर बघून काय म्हणेल.

शेवटच्या दिवशी सकाळीच विहीणबाई रंजनाला घेऊन घर बघायला आल्या. भिंतीवर थापट्या मारल्या, खांब हलवून पाहिला. मला तर रागच आला त्यांचा. मग त्या ओटीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या घराला पन तडा हाय. पोरीला अंगणात निजवते आन् मी जागी बसते. इथं ती घरात तरी निजेल. ठेवा तुमी."

सुमनने त्यांचे दोन्ही हात धरले. माझा राग कुठल्या कुठे गेला, उलट माझीच मला लाज वाटली. त्यांचं घर कधी बघायचं, ते नवऱ्याने तिथेच ठरवलं आणि आम्ही निघालो.

माळशेज घाट काही बघून झाला नाही. फोटो म्हणाल तर सगळे भिंतींचेच. पण इतकं भरलेलं मन घेऊन मी कुठल्याच सहलीवरून परतले नव्हते. दुपारी घरी येऊन बॅगा उघडतेय तोच सुमनचा फोन आला. अगदी कुजबुजत बोलत होती.

"काय गं, रंजना बरी आहे ना?"

"निजलीय, आत घरात. आन् तिच्या सासूचा पन डोळा लागलाय, तिच्या उशाशी बसल्या बसल्या. उठवत नाय मी."