चादरीतली सुई

दवाखान्यातल्या चादरी धुण्याचं काम मी सात वर्षं करत होते. एका सकाळी ऑपरेशनच्या खोलीतलं गाठोडं सोडलं, चादर उचलली आणि अंगठ्यात कचकन काहीतरी घुसलं. वापरलेली सुई. पातळ हातमोज्याच्या आरपार.

मी अंगठा तोंडात घालणार, तेवढ्यात सिस्टर धावत आली. "मावशी, चोखू नका, दाबूही नका! नळाखाली धरा, साबण लावा."

सुई कोणत्या पेशंटची, ते कुणालाच सांगता येईना. सिस्टरनं मला लगेच सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, काविळीची लस टोचली आणि एड्सपासून बचावाच्या गोळ्या दिल्या. "अठ्ठावीस दिवस. एक दिवसही चुकता कामा नये."

"घरात लेकीचं तान्हं लेकरू आहे," मी म्हटलं.

"लेकराला घ्या, सोबत जेवा. त्यानं काही होत नाही."

मला ते समजलं होतं. तरी संध्याकाळी बाळंतपणाला आलेली लेक म्हणाली, "आई, हिला धर, मी न्हाऊन येते," तेव्हा मी म्हटलं, "हात ओले आहेत."

मग रोज नवं निमित्त. गोळ्यांनी मळमळायचं, मी ताट घेऊन मागच्या ओट्यावर जाऊन बसायची. आत नात रडायची, लेक गाणं म्हणायची, मी ऐकत राहायची. लेकीला सांगितलं तर ती घाबरेल, तिचं दूध आटेल, असं वाटायचं.

सव्वा महिन्यानं ती सासरी, दापोऱ्याला निघाली. रिक्षात बसताना म्हणाली, "तुला नातू पाहिजे होता ना?" मी तिची पिशवी आत सरकवली.

कामावर मात्र मी बोलले. जाड हातमोजे आणि ऑपरेशनच्या खोलीत सुया टाकायचा कडक डबा आल्याशिवाय गाठोड्याला हात लावणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. आठवड्यात दोन्ही आलं.

तीन महिन्यांनंतरचा रिपोर्टही चांगला निघाला. त्याच दिवशी दापोऱ्याची बस धरली आणि लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एकटीच बसलीस एवढे दिवस?" आणि नातीला माझ्या मांडीवर ठेवलं.

नातीनं मला ओळखलं नाही. ती जोरात रडायला लागली. मी तिला तशीच धरून बसले.