घरासाठी रचलेले दगड

मी नागपूरची. आमच्याकडे उंच म्हणावं असं काय, तर सीताबर्डीची टेकडी, आणि ती सुरू होते तेवढ्यात संपते. नवरा पुण्याचा, दर रविवारी सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी खाणारा. त्यामुळे लग्न झाल्यापासून डोंगर हा विषय त्याच्या मालकीचा होता. मी काही बोलले की 'तुला काय कळतंय त्यातलं' असं तो तोंडानं म्हणायचा नाही, पण चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसायचं.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आल्यावर त्याचे डोंगर सुटले. सकाळी फ्रीवेवर गेलेला माणूस संध्याकाळी फ्रीवेवरूनच परत यायचा आणि जेवून झोपायचा. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरी करायची नाही. नागपुरात मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. इथे टाउनहाउसच्या खिडकीत उभी राहून शेजाऱ्यांची कुत्री ओळखायला शिकले. एक दिवस स्वतःचाच इतका संताप आला की बूट घातले आणि समोर दिसणाऱ्या मिशन पीकवर चालू लागले. अर्ध्यावर दम लागून बसले. दुसऱ्या दिवशी परत गेले. पुढच्या वर्षापर्यंत मी पाठीवर कणकेची दहा पौंडी पिशवी घेऊन तो डोंगर चढत होते. आत काय आहे असं कुणी विचारलं तर पुढच्या आठवड्याच्या पोळ्या आहेत म्हणून सांगायचे.

योसेमिटी नॅशनल पार्कच्या पूर्वेला, टायोगा पास नावाच्या खिंडीच्या डोक्यावर तेरा हजार फुटांचं एक शिखर आहे. त्याला दोर लागत नाहीत, पाय लागतात आणि हट्ट लागतो. हे शिखर चढायचं असं मी ठरवून टाकलं होतं.

पहिल्यांदा गेलो ते २००५च्या जुलैत, चार कुटुंबं मिळून. आपली माणसं डोंगरावर कशी जातात ते काय सांगायचं! सहाला निघायचं ठरलं होतं, आणि सहाला कॅम्पसाइटवर साबुदाण्याची खिचडी परतायला घेतली. मी वेड्यासारखी बूट घालून उभी. लिंबू सापडेना, मग दाण्याचं कूट गाडीत राहिलं. निघेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. अर्ध्या वाटेवर एक मोठं पठार लागतं. तिथे झाडं संपतात आणि नुसते तांबूस दगड उरतात, फटींतून बारीक निळी फुलं डोकावणारे. पुढे पायवाटही धड राहत नाही. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी जागोजागी दगडांचे लहान ढीग रचून ठेवलेले असतात. एका ढिगापाशी उभं राहायचं, दुसरा शोधायचा, असं करत वर जायचं.

ते ढीग बघून आमच्यातल्या एकाच्या आई, नाशिककडच्या काकू, एकदम हरखल्या.

"अगं बाई, इथे पण उतरंडी! आमच्या वणीच्या गडावर लोक अशाच रचतात. दगडावर दगड ठेवायचा आणि मनात म्हणायचं, घर होऊ दे."

झालं! त्या वर्षी आमच्या बे एरियातला प्रत्येक देशी माणूस घराच्या मागे लागलेला होता. ओपन हाउसला, म्हणजे विकाऊ घर बघायला जायचं, किंमत ऐकायची आणि गाडीत येऊन गप्प बसायचं, असे सगळ्यांचे रविवार चालले होते. आधी सगळे काकूंना हसले. मग एकेक इंजिनियर इकडे-तिकडे बघत वाकून चपटे दगड गोळा करायला लागला. माझ्या नवऱ्याचा उत्साह तर बघवत नव्हता. पठाराच्या डाव्या अंगाला चांगले सपाट दगड होते. तिकडे लांबवर चढत जात त्यानं एकामागून एक उतरंडी रचल्या. शेवटची दुमजली, आणि शेजारी दोन ठेंगण्या.

"हे काय?" मी विचारलं.

"टू-कार गॅरेज. रिसेल व्हॅल्यू असते यार."

वर त्यानं एक पांढरी गारगोटी ठेवली. तोवर ढग जमले, गडगडायला लागलं. शिखर काय कुठे पळून जातंय, असं सर्वानुमते ठरलं आणि वरात खाली उतरली. फ्रीमाँट येईपर्यंत मी गाडीत कुणाशी बोलले नाही.

शिखर पळणार नव्हतं, पण माझाच तिथला मुक्काम हलायची वेळ आली. ऑगस्टच्या शेवटी नवऱ्याला फ्रिस्कोहून ऑफर आली. फ्रिस्को म्हणजे टेक्सासात, डॅलसजवळ, पोळपाटासारखं सपाट. तिथे आमच्या ऐपतीत चार बेडरूमचं घर बसत होतं. त्यानं फोनवर जवळपास हो म्हटलं आणि मग मला सांगितलं. सांगितलं, विचारलं नाही. अमेरिकेला यायचं तेव्हाही सांगितलंच होतं, आणि माझी नोकरी सोडायची तेव्हाही. तो वाईट माणूस नाही. पगार त्याचा, व्हिसा त्याचा, तेव्हा निर्णयही त्याचाच, असं आम्ही दोघंही न बोलता धरून चाललो होतो. पण या वेळी मला ते लागलं, फार लागलं.

"पक्कं कधी कळवायचंय?"

"मंडेला."

"मग सॅटर्डेला मी वर जाणार."

"अगं, पॅकिंग सुरू करायचंय. नेक्स्ट इयर व्हिजिटला येऊ ना आपण, तेव्हा करू."

"तू नाही आलास तरी मी जाणार आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गॅरेजमध्ये जाऊन स्वतःचे बूट शोधायला लागला.

या खेपेला खिचडी नव्हती. उजाडता उजाडता निघालो. सप्टेंबर होता, फुलं गेली होती, आणि बाटलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. पठारावर पोचलो तेव्हा ढग इतके खाली उतरले होते की शिखर सोडाच, समोरचा उतारही दिसत नव्हता. नवरा पुढे. ट्रेकर तोच ना! त्याला लगेच दगडांचा ढीग दिसला, मग दुसरा, मग तिसरा.

"बघ, मार्किंग एकदम क्लिअर आहे," तो खूश होऊन म्हणाला.

आम्ही ढिगामागून ढीग गाठत गेलो. हळूहळू पायाखालचे दगड सुटायला लागले. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं पाऊल खाली घसरावं. मी एकदा पडले, नडगी सोलली. डोकं ठणकत होतं.

"अरे, ही वाट बरोबर वाटत नाही मला."

"उगाच कोण कशाला रचून ठेवेल? चल तू."

तेवढ्यात वारा सुटला, ढग जरा विरळ झाले, आणि समोर पुढचा ढीग दिसला. दुमजली, शेजारी दोन ठेंगण्या, वर पांढरी गारगोटी. त्याच्या पलीकडे जमीनच नव्हती. खाली खोल, पार दरीपर्यंत, नुसता दगडांचा लोंढा.

नवरा स्वतःच्या गॅरेजकडे बघत उभा राहिला. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि त्या उंचीवर हसताना दम लागून मी खालीच बसले. आपणच मागितलेल्या घरामागे दोन शिकलीसवरलेली माणसं कड्यापर्यंत चालत आली होती.

"हे पाडायला हवं," मी उठत म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? ढगात कुणी आलं तर सरळ खाली जाईल."

"हो, पण..." तो चाचरला. "घरासाठी रचलंय गं ते. मंडेला आन्सर द्यायचंय. आत्ताच कशाला मोडायचं?"

माझ्या सोमवारच्या उपासाला हसणारा माणूस हा! पण खरं सांगते, माझाही हात घुटमळला. मागणं म्हणून रचलेलं आपल्या हातानं कसं मोडायचं? मग मी दुमजली घराला बुटानं ढकललं. दगड घरंगळत गेले, बराच वेळ त्यांचा आवाज येत राहिला. गारगोटीही गेली. परत येताना वाटेतली एकेक उतरंड मी पाडत आले. तो मागून येत होता. पठाराजवळची शेवटची मात्र त्यानं स्वतः उतरवली, काचेची भांडी खोक्यात भरावी तशी, एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवत.

मग तो खाली बसला. "माझ्यात दम नाही आता. डोकं फुटतंय. खाली जाऊ."

आकाश उघडत होतं. खरे ढीग आता उजवीकडे दिसत होते, सरळ वर चढत गेलेले.

"तू बस, पाणी पी. मी जाऊन येते."

"एकटी?"

"मिशन पीकवर माझ्याबरोबर कोण असतं?"

त्यापुढच्या चढाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. दगड, श्वास, थांबणं, पुन्हा दगड. इतक्या उंचावर पाय हुकूम ऐकत नाहीत, त्यांना समजवावं लागतं. मी समजावलं नाही, दटावलं. सोमवारी काय व्हायचं ते होवो, पण मी इथून अर्ध्यातून परत गेले असं होणार नाही, एवढं एकच डोक्यात होतं. आणि मग चढायला काही उरलंच नाही. एका बाजूला मोनो लेक, निळा आणि अगदी स्थिर. दुसऱ्या बाजूला ओळीनं डोंगर, सावलीच्या घड्यांमध्ये जुना बर्फ धरून बसलेले. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं ओरडले, आणि रडलेसुद्धा.

बऱ्याच वेळानं खाली दगड वाजले. नवरा येत होता. चार पावलं टाकायची आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभं राहायचं, असं करत. वर पोचला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्याला गुळाचा खडा दिला. तो खाऊन त्यानं आधी डोंगरांकडे बघितलं आणि मग माझ्या सोललेल्या नडगीकडे.

"मंडेला काय सांगू?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, पगाराचं काहीतरी असेल. "कशाबद्दल?"

"फ्रिस्कोबद्दल. जायचं का आपण? तुला काय वाटतं?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होते. भांडायला म्हणून आठवडाभर घोकलेली सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती. त्यातलं एकही तोंडात येईना, कारण ती सगळी न विचारणाऱ्या माणसासाठी होती. जावं की राहावं, मला खरंच माहीत नव्हतं.

"मला जरा विचार करू दे," मी म्हणाले.

वारा बोचत होता. त्यानं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि एका दगडाला पाठ लावून बसला.

"कर," तो म्हणाला. "मी थांबतो."